तळाची अक्षरे

(अकादमीच्या परिभाषाविषयक चर्चासत्रात केलेल्या भाषणाचे लेखी रूप)



कार्यक्रमपत्रिकेत माझा विषय 'सागरी नकाशातील तळाच्या खुणा आणि मराठी परिभाषा' असा छापला आहे. तो वाचून सकाळी चहाच्या वेळी दोघातिघांनी मला विचारले, की मराठी साहित्य शिकवणाऱ्या माणसाचा समुद्राच्या तळाशी काय संबंध? प्रश्न रास्त आहे. गेली सत्तावीस वर्षे मी महाविद्यालयात संतकाव्य आणि कादंबरी शिकवतो. माझा प्रबंध पंडिती काव्यावर आहे. समुद्राच्या काठी जन्मूनही मला धड पोहता येत नाही. तळाशी माझा संबंध आला तो एका चुकीमुळे, आणि ती चूक माझी होती. परिभाषेवर बोलायला बोलावलेल्या माणसाने आधी आपली चूक सांगावी असे मला वाटते, म्हणून हा विषय घेतला.

सात-आठ वर्षांपूर्वी एका कार्यालयाकडून माझ्याकडे एक लहान पुस्तिका भाषांतरासाठी आली. होडी चालवू लागलेल्या तरुणांच्या प्रशिक्षणासाठी ती होती: सागरी नकाशा कसा वाचावा, नांगर कुठे टाकावा, दोर किती सोडावा. इंग्रजी सोपे होते, पाने चाळीसच्या आत होती. दिवाळीच्या सुट्टीत, टेबलावर तीन शब्दकोश मांडून, मी ते काम पंधरा दिवसांत संपवले. कोशात शब्द सापडला की मी पुढच्या ओळीकडे जात होतो. एकदाही धक्क्यावर गेलो नाही.

चुकीकडे येण्याआधी सागरी नकाशा म्हणजे काय ते थोडे सांगायला हवे, कारण आपल्यापैकी बहुतेकांनी तो पाहिलेला नसतो. शाळेतल्या नकाशात जमीन भरलेली असते आणि समुद्र निळा, रिकामा. सागरी नकाशात नेमके उलटे. जमीन पिवळसर आणि जवळजवळ मोकळी. देवळाचा कळस, चर्चचा मनोरा, दीपस्तंभ, डोंगराचे टोक, एवढेच पाण्यावरून दिसणारे तिथे दाखवलेले असते. सगळी गर्दी पाण्यात. उथळ भाग निळा, खोल भाग पांढरा, ओहोटीला उघडा पडणारा भाग हिरवट, आणि सगळीकडे आकडे. हे आकडे खोलीचे. ते जवळपास सर्वांत खालच्या ओहोटीची पातळी धरून दिलेले असतात, त्यामुळे प्रत्यक्षात पाणी बहुधा आकड्यापेक्षा जास्तच असते. ज्या आकड्याखाली रेघ ओढलेली असते तो खोलीचा नव्हे, ओहोटीला तो भाग पाण्यावर किती उंच येतो याचा. आपल्या देशाचे हे नकाशे नौदलाचे राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालय काढते आणि ते कार्यालय आहे देहरादूनला, हिमालयाच्या पायथ्याशी. सर्वेक्षण करणारे मात्र आपल्याकडे वास्कोतल्या संस्थेत शिकून जातात.

या आकड्यांच्या मधूनमधून बारीक अक्षरे पेरलेली असतात. नवशिक्याची नजर आकड्यांवरच अडकते आणि अक्षरे सुटतात. पण नांगर टाकायचा असेल तर आकड्याइतकेच अक्षर महत्त्वाचे, कारण ते तळ कशाचा आहे हे सांगते. 'एस' म्हणजे वाळू, 'एम' म्हणजे चिखल, 'आर' म्हणजे खडक. 'सीवाय' ही चिकणमाती, 'एसआय' हा गाळाचा पोयटा, 'एसटी' दगड, 'एसएच' शिंपले, 'सीओ' पोवळे, 'डब्ल्यूडी' शेवाळ. खड्यांच्या आकारानुसार आणखी तीन अक्षरे येतात, 'जी', 'पी' आणि 'सीबी'. त्यांतल्या 'जी'ने माझा घात केला. त्याकडे पुढे येतो.

मी व्याकरणाचा माणूस असल्यामुळे मला या खुणांचे व्याकरण फार आवडले. नाम नेहमी मोठ्या लिपीतल्या अक्षराने सुरू होते, विशेषण लहान लिपीत आणि नामाच्या आधी. लहान 'एफ' म्हणजे बारीक, लहान 'सी' म्हणजे जाड, लहान 'एस-ओ' म्हणजे मऊ, 'एस-एफ' म्हणजे घट्ट, 'एस-वाय' म्हणजे चिकट, 'बी-के' म्हणजे फुटके. म्हणजे लहान 'एफ' आणि मोठा 'एस' मिळून झाली बारीक वाळू. मोठा 'एम' चिखल, पण लहान 'एम' म्हणजे मध्यम. तेव्हा लहान 'एम'पुढे मोठा 'एस' आला तर तो चिखल आणि वाळू यांचा समास नव्हे, मध्यम जाडीची वाळू. दोन-तीन नामे टिंबे देऊन एकापुढे एक लिहिली असतील तर ज्याचे प्रमाण जास्त ते आधी. आणि दोन नामांच्या मध्ये तिरकी रेघ असेल तर वर एक थर, खाली दुसरा: 'एस', तिरकी रेघ, 'एम' म्हणजे वर वाळू आणि तिच्याखाली चिखल. शब्दांचा क्रम, विशेषण, समास, सगळे आले. अर्थ लावताना चुकायलाही भाषेइतकाच वाव आहे.

हा 'वाव' शब्दही इथे मुद्दाम वापरला. दोन्ही हात पसरले की एका हाताच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंतचे अंतर ती वाव. जुन्या इंग्रजी नकाशांतले फॅदम म्हणजे सहा फूट, तीच ही वाव. दोर पाण्यात सोडताना आणि वर ओढताना हातांनीच मोजला जातो, म्हणून दोन्हीकडे माप अंगावरून आले. मार्क ट्वेन हे नाव आपण वर्गात घेतो. त्या नावाचा अर्थ दोन वाव, बारा फूट. मिसिसिपी नदीवर बोट चालवताना खोली मोजणाऱ्याची ती आरोळी होती. आपल्या मराठीत कुणाचा थांग लागत नाही, कुणाच्या मनाचा ठाव घेता येत नाही. थांग आणि ठाव दोन्ही तळाचेच शब्द आहेत. आपण ते माणसांसाठी वापरत राहिलो आणि पाण्यासाठी वापरणे सोडले.

तळ पाहण्याची जुनी रीत साधी होती. दोराला शिशाचे वजन बांधायचे. वजनाच्या बुडाशी एक खळगा, त्यात चरबी भरायची. वजन तळाला टेकले की दोरावरून खोली कळते आणि चरबीला जे चिकटून येते त्यावरून तळ. वाळू आली, शिंपल्याचा चुरा आला, काळा चिखल आला. काहीच आले नाही आणि चरबीवर नुसता ठोकर लागल्याचा डाग असला, तर खाली खडक. अंधारात काम चालावे म्हणून दोराच्या खुणाही हाताला कळतील अशा असत: दोन वावांवर कातड्याच्या दोन पट्ट्या, तीनवर तीन, पाचवर पांढरे कापड, सातवर लाल, दहावर भोक पाडलेले कातडे.

ही विद्या फार जुनी आहे. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात हिरोडोटसने लिहून ठेवले आहे, की इजिप्तचा किनारा अजून एका दिवसाच्या प्रवासाइतका लांब असताना दोर टाकला तर अकरा वावांवर चिखल वर येतो. नाईलने गाळ कुठवर नेला आहे ते त्यावरून त्याला कळले. आपल्या जवळचे उदाहरण इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस'चे. त्या ग्रीक व्यापाऱ्याने कच्छच्या आखाताकडचा तळ वर्णिला आहे: कुठे एकदम खोल, कुठे खडकाळ आणि धारदार, इतका की टाकलेल्या नांगरांचे दोर कापले जातात, काही लगेच आणि काही तळावर घासून घासून. सोळाव्या शतकात, १५३८-३९ मध्ये, पोर्तुगीज नाविक जुआंव द काश्त्रु याने गोव्याहून दीवपर्यंतच्या बंदरांची वर्णने चित्रांसह नोंदवली. तोच पुढे इथला गव्हर्नर आणि व्हाइसरॉय झाला. म्हणजे आपल्या किनाऱ्याच्या पाण्याबद्दल ग्रीकमध्ये लिहिले गेले, पोर्तुगीजमध्ये लिहिले गेले, इंग्रजीत तर नकाशेच निघाले. ज्यांनी हे पाणी रोज कापले त्यांचे शब्द मात्र बहुतेक तोंडीच राहिले.

आता नांगराकडे. बोट नांगराच्या वजनाने थांबते असा माझा समज होता. तसे नाही. वजन नांगराला तळापर्यंत नेते. बोट धरते ती त्याची तळात घुसलेली पाती. म्हणून तो आडवा ओढला गेला पाहिजे आणि त्यासाठी दोर किंवा साखळी लांब सोडली पाहिजे. नकाशात पाच मीटर खोली आहे, भरतीचे दोन मीटर धरा, होडीची नाळ पाण्यापासून एक मीटर उंच आहे. झाले आठ मीटर. नुसती साखळी असेल तर याच्या चार-पाच पट, दोर असेल तर सातेक पट, म्हणजे सुमारे ५५ मीटर. दोर आखूड पडला तर ओढ वरच्या दिशेने लागते आणि पाती उखडतात.

मराठीत शेतातल्या आणि होडीतल्या अवजाराला एकच शब्द आहे, नांगर. एकीकडे संस्कृत 'लांगल' आहे, दुसरीकडे फारसी 'लंगर', आणि आपल्या तोंडी दोन्हींचा नांगर झाला. इंग्रजीत ही दोन्ही नावे अगदी वेगळी. १९३३ मध्ये जेफ्री टेलर या इंग्रज शास्त्रज्ञाने नांगराच्या फाळासारख्या आकाराचा नवा नांगर तयार केला, तेव्हा तिथे त्याला 'फाळाचा नांगर' असे वेगळे नाव द्यावे लागले. आपल्याकडच्या शेतकऱ्याला त्याचे काम समजावून सांगावे लागले नसते. जमीन पाहून नांगर धरायचा हे त्याला ठाऊकच असते.

जमिनीप्रमाणेच तळाचेही. बारीक आणि मध्यम वाळूत नांगर चांगला बसतो. पाती घुसली की वाळू त्यांना धरून ठेवते. चिकणमातीत तर इतका घट्ट बसतो की काढताना घाम फुटतो. चिखल घट्ट असेल तर उत्तम, पण मऊ, पातळ चिखलात नांगर लोण्यातून सुरी जावी तसा सरकतो. तिथे रुंद पात्यांचा नांगर आणि जास्त दोर लागतो. वाळूखाली चिखल असेल तर वरच्या थरावर विसंबून चालत नाही. खडे आणि गोटे असतील तर पात्यांना धरायला काही मिळत नाही, ते खडखडत ओढले जातात. शेवाळात नांगर वरच्या गुंत्यातच अडकतो, धरल्यासारखा वाटतो आणि वारा वाढला की गुंत्यासकट निघून येतो. खडकावर एक तर तो धरतच नाही, किंवा कपारीत असा अडकतो की निघत नाही. पोवळ्यांवर तो टाकूच नये. बोटीचे नुकसान होवो न होवो, पोवळ्यांचे नक्की होते. विजयदुर्गाच्या पश्चिमेला सुमारे शंभर किलोमीटरवर समुद्रात बुडालेले पोवळ्यांचे मोठे पठार आहे. कान्होजी आंग्र्यांच्या नावावरून नकाशात त्याला आंग्रिया बँक म्हणतात. त्या भागात अक्षर वाचले नाही तर एक नांगर शेकडो वर्षांची वाढ मोडू शकतो.

हे सगळे पुस्तिकेत होते. मी इमानाने मराठीत आणले. 'जी' या अक्षराखाली कोशात मला दोन-तीन शब्द दिसले. त्यांतला 'रेव' मला सुटसुटीत आणि अस्सल वाटला. मी लिहिले: रेव असलेल्या जागी नांगर नीट धरत नाही, अशी जागा टाळावी. वाक्य शुद्ध होते. कोशाप्रमाणे अर्थही बरोबर होता. देशावरच्या मराठीत रेव म्हणजे जाडसर खडा. पुस्तिका छापून झाली, वर्गात वाटली गेली, आणि मी तिची एक प्रत कपाटात ठेवून विसरून गेलो.

दोन वर्षांनी, ऑक्टोबर संपता संपता, एका रविवारी सकाळी माझे मामा घरी आले. मामा मालीमच्या धक्क्यावर चाळीस वर्षे तांडेल होते. आता सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांच्याबरोबर त्यांच्या शेजारचा एक मुलगा होता. आयटीआय करून त्याने फायबरची लहान होडी घेतली होती आणि तो वर्ग त्याने केला होता. आठवड्यापूर्वी संध्याकाळी त्याचे इंजिन बिघडले. मुरगावच्या दक्षिणेच्या एका बेटाच्या आडोशाला रात्र काढावी म्हणून त्याने वर्गात शिकल्याप्रमाणे सगळे केले. दोराला वजन बांधले, बुडाशी ग्रीस लावले, खाली सोडले. वर आली ती वाळू. स्वच्छ, बारीक, नांगर टाकायला याहून चांगली जागा शोधून मिळायची नाही.

पण त्याच्या घरी वाळूला वाळू म्हणत नाहीत, रेंव म्हणतात. ग्रीसला रेंव चिकटली होती आणि सरकारने छापलेल्या पुस्तिकेत लिहिले होते की रेव टाळावी. म्हणून त्याने वल्ही मारून होडी आणखी पुढे नेली, अंधार पडल्यावर जिथे वजनाला काहीच चिकटले नाही तिथे नांगर टाकला. खाली खडप होते. नांगर कपारीत अडकला. रात्री वारा वाढला, दोर घासत राहिला, आणि पहाटे तो तुटला तेव्हा होडी खडकांपासून फार लांब नव्हती. एक ट्रॉलर जवळून जात होता म्हणून तो आणि त्याचा जोडीदार वाचले. नांगर गेला, दोर गेला.

मुलगा तक्रार करायला आला नव्हता. तो खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाला, "सर, तुमच्या पुस्तकांत बरयलां न्हय, रेंवेंत नांगर धरिना म्हूण." मला आधी कळलेच नाही तो काय सांगतो आहे. मी कपाटातून प्रत काढली, पान उघडले, आणि मग कळले. मामांनी प्रत हातात घेतली, चष्मा लावला, ते वाक्य बोटाने धरून दोनदा वाचले आणि म्हणाले, "रेंव म्हळ्यार रेंव, भाच्या. खडी न्हय."

मित्रहो, या सभागृहात मराठी-कोकणीचा विषय निघाला की आवाज चढतात. मी त्या वादात शिरत नाही. मला एवढेच सांगायचे आहे, की मी ज्या वाचकासाठी लिहीत होतो त्याच्या घरात तो शब्द काय अर्थाने बोलला जातो हे मी विचारले नव्हते. जलसर्वेक्षणाच्या मापाप्रमाणे कण दोन मिलिमीटरपेक्षा लहान असेल तर ती वाळू. दोन ते चार मिलिमीटर असेल तर 'जी'. चार ते चौसष्टपर्यंत 'पी', आणि त्यापुढे दोनशे छप्पनपर्यंत 'सीबी'. दोन मिलिमीटरच्या त्या सीमेच्या अलीकडे नांगर धरतो, पलीकडे भरवसा नाही. माझ्या एका शब्दाने त्याला त्या रेषेच्या चुकीच्या बाजूला नेऊन ठेवले. मी 'रेव'ऐवजी मुद्दाम एखादा अवघड संस्कृत शब्द घडवला असता तर तो त्याला समजला नसता आणि त्याने कुणाला तरी विचारले असते. समजलेला शब्द कुणी विचारत नाही. म्हणून ओळखीचा शब्द अनोळखी शब्दापेक्षा धोक्याचा ठरू शकतो.

त्यानंतरचे तीन रविवार मी मामांच्या ओसरीवर बसलो. पुस्तिकेतला प्रत्येक शब्द मी वाचायचा आणि त्यांनी तो घ्यायचा की टाकायचा ते सांगायचे. त्यांनी कधी शब्दावरून उत्तर दिले नाही. प्रत्येक वेळी आधी विचारले, "हाताला कसा लागता?" बोटांमध्ये चोळल्यावर खरखरते का, चिकटते का, वास येतो का, वजनाला लागून वर येताना वाटेत गळून जाते का. चिकणमाती आणि चिखल यांत मी केलेला फरक त्यांना मान्य नव्हता. त्यांच्या मते चिखलाचेच दोन प्रकार, एक जो नांगराला चिकटून वर येतो आणि दुसरा जो पाण्यात विरघळतो. मी विचार केला, की नकाशातले 'एस-वाय' आणि 'एस-ओ' हे दुसरे काय सांगतात? चिकट आणि मऊ. नाविकाला हवा तो भेद त्यांच्या शब्दात आधीपासूनच होता, मी तो कोशात शोधत होतो.

शेवटी आम्ही असे ठरवले. 'एस' साठी वाळू, आणि तिच्यापुढे लगेच रेंव. 'जी' साठी खडी, 'पी' साठी गोटे, 'सीबी' साठी धोंडे. 'आर' साठी खडक आणि खडप दोन्ही. 'रेव' हा शब्द एकटा कुठेही येऊ द्यायचा नाही. प्रत्येक नावापुढे एक ओळ: हाताला कसे लागते आणि नांगर धरतो की नाही. मी कार्यालयाला पत्र लिहून माझी चूक कळवली. त्यांनी उरलेल्या प्रतींत दुरुस्तीची चिठ्ठी चिकटवली. ज्या प्रती आधीच घरोघर गेल्या होत्या त्यांचे काय झाले ते मी सांगू शकत नाही, आणि ती गोष्ट मला अजून टोचते.

मामांनी आणखी एक गोष्ट पुस्तिकेत घालायला लावली, जी मूळ इंग्रजीत एका वाक्यात उरकली होती. नकाशातले अक्षर म्हणजे कुणीतरी कधीतरी, त्या एका जागी, तळातून वर काढलेली मूठभर माती. ती मूठ खरी. पण शेजारच्या वीस वावांवर काय आहे ते ती सांगत नाही, आणि त्यानंतर किती पावसाळे गेले हेही नाही. नकाशाच्या कोपऱ्यात कोणता भाग कोणत्या वर्षी मोजला याचा लहान तक्ता असतो, तो आधी पाहावा. आता ध्वनिलहरींनी तळ पट्ट्यापट्ट्याने पाहता येतो, तरी किनाऱ्याजवळच्या पुष्कळ खुणा जुन्याच मोजणीच्या असू शकतात. आपल्या डोळ्यांसमोरची गोष्ट घ्या. मांडवीच्या मुखाशी आग्वादजवळ वाळूचा बांध आहे. पावसाळ्यात तिथे लाटा फुटतात, आणि खनिजाच्या बार्जेस कुंभारजुवेच्या कालव्यातून जुवारीत उतरून मुरगावला जात. वाळू दरवर्षी थोडी हलते. जून २००० मध्ये 'रिव्हर प्रिन्सेस' हे जहाज कांदोळी-सिकेरीच्या किनाऱ्याला लागले ते आपण सर्वांनी पाहिले आहे. किनाऱ्यावरून ते अगदी जवळ, हात लावावे असे दिसे. पण वाळूने त्याला असे आत घेतले की तुकडे करून काढेपर्यंत दहा वर्षांहून जास्त काळ गेला. जी वाळू नांगराला धरते तीच जहाजालाही सोडत नाही.

म्हणून नकाशात नांगराची लहानशी आकृती असली, खोली योग्य असली, अक्षर 'एस' असले, तरी मामा सांगतात की काम तिथून सुरू होते. वजन टाकून पाहायचे, हाताला काय लागते ते पाहायचे. नांगर सोडला की होडी हळू मागे जाऊ द्यायची आणि दोरावर हात ठेवायचा. नांगर बसला असेल तर दोर ताणून शांत होतो. तळावर सरकत असेल तर हाताला बारीक थरथर लागते, खडखड लागते. मग किनाऱ्यावरच्या दोन वस्तू एका रेषेत धरायच्या, पुढे माड, मागे चर्चचा मनोरा, आणि तासाने पुन्हा पाहायचे की रेषा मोडली का. पुस्तिकेत हे आता एका पानावर आहे. ते पान त्या मुलानेच आधी वाचून मला दुरुस्त करून दिले.

अकादमीपुढे माझी एक विनंती आहे. आपण परिभाषा कोश करतो, त्यांत पदार्थविज्ञान आहे, प्रशासन आहे, आता संगणकही आला. किनाऱ्यावरच्या धंद्यांचा कोश करताना शब्द टेबलावर ठरवू नये. ज्याला तो शब्द कामाला येणार आहे त्याला तो वाचून दाखवावा आणि एकच प्रश्न विचारावा: हे वाचून तू काय करशील? अर्थ काय, असे विचारले तर माणूस मान हलवतो. काय करशील विचारले तर चूक सापडते. आणि मुरगाव, मालीम, शापोरा, बेतूल इथल्या साठी-सत्तरीच्या तांडेलांकडून तळाचे, वाऱ्याचे, दोराचे शब्द ध्वनिमुद्रित करून घ्यावेत. त्यांची मुले आता मोबाइलवर खोली पाहतात. त्यात वाईट काही नाही, पण मोबाइल तळाचे नाव इंग्रजी अक्षरात सांगतो आणि त्या अक्षराचा अर्थ कुणीतरी त्यांना त्यांच्या बोलीत सांगावाच लागतो.

मी सुरुवात केली आहे. मामांच्या तोंडचे एकशे बारा शब्द माझ्या वहीत आहेत, प्रत्येकापुढे तो हाताला कसा लागतो ते लिहिलेले आहे. वही मी आज बरोबर आणली आहे. जेवणाच्या सुट्टीत ज्यांना पाहायची असेल त्यांनी पाहावी, आणि चुकलेले काही दिसले तर पेन्सिलीने तिथेच लिहावे.